नवटाक: नऊ टांकांची गोष्ट

(दृश्य: जुन्या किराणा दुकानातला तराजू, शेजारी काळपट वजनं.)

"नवटाक तेल द्या हो." आजीच्या पिढीतली बाई वाण्याला हे बिनदिक्कत सांगायची. आज घरातल्या पोराच्या तोंडी हाच शब्द आला, तर आई आधी त्याच्या तोंडाचा वास घेईल.

शब्द मुळात अगदी सोवळा. टांक म्हणजे पक्क्या शेराचा बहात्तरावा भाग. असे नऊ टांक म्हणजे नवटांक, बोलताना नवटाक. शेराचा आठवा हिस्सा, पावशेराचा निम्मा. शेर गावागणिक बदलायचा. पण ८० तोळ्यांचा धरला तर नवटाक भरतं दहा तोळे, म्हणजे साधारण ११७ ग्रॅम.

(दृश्य: खाडीकाठची झुडपं, धूर.)

हातभट्टीला ना बाटली, ना बूच, ना लेबल. काळा गूळ आंबवायचा, त्यात नवसागर टाकायचा, उकळून वाफ थंड करायची. निघालेला माल टायरच्या ट्यूबमध्ये भरून अंधारात अड्ड्यावर पोचवायचा. तिथे तो ग्लासातच मोजून द्यावा लागणार. पावशेर पोटालाही जड, खिशालाही. मग नवटाक. मापाचं नाव असं मालालाच चिकटलं.

१९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला. १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा आला आणि पुढे शेर-पावशेर दुकानांतून उठले. पण अड्ड्यावर वजनमापं तपासायला कोण जाणार? दारूच बेकायदा, तर मापाने एकट्याने कायदा का पाळावा! वाण्याने टाकलेला शब्द भट्टीवाल्याने जपला.

भट्टीने मराठीला आणखीही दिलंय. नळीतून आधी टपकते ती सगळ्यांत कडक, म्हणून 'पहिल्या धारेची'. आता पुणेकरसुद्धा पहिल्या धारेचा असतो, आणि त्याला ते आवडतं.

(दृश्य: मालाड-मालवणीची गल्ली. संगीत बंद.)

जून २०१५. इथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. दृष्टी जायला मिथेनॉलचे दोन-तीन चमचेही पुरतात. नवटाक फार झालं.

(दृश्य: सरकारमान्य देशी दारूचं दुकान, जाळीमागचा काउंटर.)

इथे ९० मिलीची छोटी बाटली मिळते. नऊ टांक गेले, नव्वद मिली आले. गिऱ्हाईक जाळीतून नोट सरकवतं.

"एक नाइंटी."

दुकानदार मान वर न करता बाटली पुढे ठेवतो.