सान सीरो : एकावर एक तीन मजले

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या सोलापूरच्या पार्क मैदानाचं कागदोपत्री नाव इंदिरा गांधी स्टेडियम, पण रिक्षावाल्याला आपण ‘पार्क स्टेडियम’च सांगतो. इटलीतल्या मिलान शहराचंही तसंच. तिथल्या फुटबॉल स्टेडियमला १९८० मध्ये जुझेप्पे मेआत्सा या थोर खेळाडूचं नाव दिलं. लोकांच्या तोंडी मात्र जुनं सान सीरोच राहिलं.

ते १९२६ साली बांधून घेतलं एसी मिलान क्लबचे अध्यक्ष पिएरो पिरेल्ली यांनी. टायरवाल्या पिरेल्ली घराण्यातलेच हे. उद्घाटनाच्या सामन्यात शेजारच्या इंटर संघाने यजमानांना ६-३ असं हरवलं. पुढे १९३५ मध्ये शहराने स्टेडियम विकत घेतलं आणि १९४७ पासून इंटरही तिथेच खेळू लागला. कट्टर वैरी, पण अंगण एकच!

खरी गंमत बांधकामाची. १९५५ मध्ये जुन्या बैठकींभोवती दुसरा मजला चढला. वर जाण्यासाठी बाहेरून वळत जाणाऱ्या लांबच लांब उतरणी केल्या, आणि लुगड्याच्या काठासारख्या त्या साऱ्या इमारतीला वेढून राहिल्या. १९९० च्या विश्वचषकासाठी तिसरा मजला हवा होता. त्याचा भार जुन्या बांधकामावर न टाकता काँक्रीटचे अकरा बुरूज उभारले आणि वर लाल तुळयांचं छप्पर घातलं. त्याच विश्वचषकाच्या पहिल्या सामन्यात, इथेच, नऊच खेळाडू उरलेल्या कॅमेरूनने मॅराडोनाच्या अर्जेंटिनाला १-० असं हरवलं. छपराने मात्र ऊन-वारा अडवला. गवत धरेना, वारंवार नवी हिरवळ आणून अंथरावी लागली.

आता हे पाडायचं ठरलंय. इटलीत सार्वजनिक वास्तूला सत्तर वर्षं झाली की वारसा म्हणून संरक्षण मिळू शकतं. दुसऱ्या मजल्याची सत्तरी २०२५ च्या नोव्हेंबरात भरणार होती. त्याआधीच, सप्टेंबरअखेर, नगर परिषदेने विक्रीला मंजुरी दिली आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १९ कोटी ७० लाख युरोंचा व्यवहार पुरा झाला. शेजारी ७१,५०० आसनांचं नवं स्टेडियम उभं करण्याची योजना आहे. क्लबांना उत्पन्न हवं, प्रेक्षकांना सोयी हव्यात, हे मला पटतं. पण सत्तरी भरायच्या आत केलेली ही घाई मनाला लागते. गिरण्यांच्या भिंती पडताना पाहिलेल्या सोलापूरकरांना ते वेगळं सांगायला नको.

जुन्या स्टेडियमचा काही भाग राखायचा विचार आहे म्हणतात. तो राखताना १९५५ च्या त्या उतरणींचा एक सलग तुकडा, माणसांना चालत वर जाता येईल असा, तरी ठेवावा.