लेम्ही पास, खिंडीच्या पलीकडे

नमस्कार मंडळी, आज एका खिंडीची गोष्ट सांगायचीये. अमेरिकेत मोंटाना आणि आयडाहोच्या सीमेवर रॉकी पर्वतात लेम्ही पास आहे, उंची 7,370 फुटांच्या आसपास. 12 ऑगस्ट 1805 ला अमेरिकन शोधमोहिमेचा प्रमुख मेरीवेदर लुईस तिथे चढून आला, सोबत फक्त तीन माणसं, बाकीची तुकडी त्याचा जोडीदार क्लार्कबरोबर मागून बोटी ओढत येत होती.

प्रेसिडेंट जेफरसननं यांना पाठवलं होतं ते पॅसिफिकपर्यंत पाण्यातून जाणारी वाट शोधायला. वर्षभराहून जास्त काळ ही मंडळी मिसूरी नदीतून उलट्या प्रवाहात वर वर येत होती, आणि खिंडीखाली ती एवढी मोठी नदी इतकुशी झालेली की मॅकनील नावाचा शिपाई एक पाय अलीकडे एक पाय पलीकडे टाकून उभा राहिला आणि त्यानं देवाचे आभार मानले, की हिला असं ओलांडायचा दिवस बघायला मी जिवंत राहिलो!

मग लुईस माथ्यावर पोचला. पलीकडे बघतो तर डोंगरामागं डोंगर, माथ्यांवर बर्फ. सलग नदीवाटेचं स्वप्न तिथंच संपलं.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते हे, की लुईस वर आला तो चांगल्या मळलेल्या पायवाटेनं. ती वाट शोशोनी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची, पिढ्यानपिढ्या ते इथून रानगव्यांच्या शिकारीला ये-जा करायचे, मग लुईसनं खिंड "शोधली" असं कसं म्हणायचं?

आणि पुढं जायला घोडे लागणार होते, ते शोशोनींकडेच. क्लार्कबरोबर साकाजाविया होती, मूळची शोशोनी, साधारण पाच वर्षांपूर्वी लहान असताना हिदात्सा टोळीनं पळवून नेलेली, आता सहा महिन्यांचं बाळ घेऊन दुभाषी म्हणून आलेली. 17 ऑगस्टला क्लार्कची तुकडी येऊन पोचल्यावर बोलणी सुरू झाली, ती भाषांतर करायला बसली, समोरच्या सरदाराकडे, कामेआवेटकडे नीट बघितलं आणि एकदम उठून धावली, आपली घोंगडी त्याच्या अंगावर टाकून रडायलाच लागली. तो तिचा भाऊ होता! थोड्या वेळानं परत भाषांतराला बसली पण मधेच पुन्हा पुन्हा डोळे भरून येत होते.

घोडे मिळाले. आणि दोन-तीन दिवसांत साकाजाविया पण तीच खिंड चढून पलीकडच्या वस्तीकडे गेली, लेकराला घेऊन, आपल्या माणसांबरोबर.