नेट जातं कधी, जातं कुठे

नमस्कार मंडळी, जरा पुढे सरकून बसा, कारण आज बोलण्यापेक्षा दाखवायचं जास्त आहे आणि दाखवायची वस्तू करंगळीपेक्षा बारीक आहे. येताना आपापली लॅन वायर, म्हणजे राउटरपासून कॉम्प्युटरला जाणारी, घेऊन या असं ग्रुपवर टाकलं होतं, बऱ्याच जणांच्या हातात गुंडाळी दिसतेय, छान केलंत, शेवटी त्यांचंच काम आहे.

विषय एकच धरलाय. नेट बंद पडलंय हा नाही, नेट मधेमधे जातं हा. पूर्ण बंद पडलेलं नेट दुरुस्त करणं सोपं, बिघाड समोरच असतो, सापडेपर्यंत कुठे जात नाही. मधेमधे जाणाऱ्याचं तसं नसतं. कंपनीचा मुलगा बाइकवरून येतो, लॅपटॉप लावतो, स्पीड टेस्ट करतो, सगळं ठीक, तक्रार बंद करतो आणि तो गेटबाहेर पडतोय तोवर पुन्हा गेलं. यात त्या मुलाची चूक नाही हे मी मुद्दाम सांगतो, मी स्वतः १८ वर्षं वायरी ओढतोय, जो बिघाड माझ्यासमोर होत नाही तो मलाही दिसत नाही. मग घरी काय होतं तर वस्तू बदलल्या जातात. राउटर नवा, मग अजून महाग राउटर, मग कंपनीच बदलू, आणि नव्या कंपनीच्या नेटलाही तोच आजार, कारण आजार घरातल्या एका वायरीत आणि ती वायर तशीच राहिली.

माझ्या बहिणीकडे हेच झालं. भाची घरून काम करते, दिवसभर हेडफोन लावून लोकांच्या विम्याच्या तक्रारी ऐकते. नेट जायचं फक्त चार-पाच सेकंद, पण तेवढ्यात ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारं व्हीपीएन तुटायचं, पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी, आणि पलीकडचा माणूस फोन ठेवून मोकळा. असं दिवसातून सात-आठ वेळा. वायफायला नावं ठेवावीत तर ती वायफायवर नव्हतीच, मीच तिला सांगितलं होतं की कामाचा कॉम्प्युटर वायरीवर ठेव, वायर भरवशाची. दोन राउटर बदलून झाले, माणूस तीनदा येऊन गेला, आणि एका संध्याकाळी तिचा फोन आला, मामा, मला ऑफिसातून विचारलंय की तुझं नेट नीट होणार नसेल तर तसं सांग. आवाज रडवेला होता. नोकरीवर बेतलेलं असताना आपण राउटर रिस्टार्ट कर म्हणून मोकळं होतो, ते मला त्या दिवशी फार लागलं.

मी तिला म्हटलं, आता काहीही बदलू नकोस, चार दिवस फक्त वेळ लिही. गेलं की घड्याळ बघ आणि लिही. तिने ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलं, दुधाचा हिशोब असतो ना चौकोनात, त्याच्याच खाली, अगदी बारीक अक्षरात. रविवारी मी गेलो आणि चहा घेता घेता ते कॅलेंडर वाचलं. सोमवारी ९.४०, ९.५०, १०.०५, मग संध्याकाळी ५ नंतर परत तीन. मंगळवारी तसंच. रात्री ती एकदा ११ पर्यंत बसली होती तेव्हा एकदाही नाही. आणि बुधवारचा चौकोन कोरा. मी विचारलं बुधवारी काय होतं, तर म्हणे काही नाही मामा, दिवसभर पाऊस होता. आता पावसात नेट जास्त जायला हवं, इथे उलटंच, पाऊस पडला आणि नेट सुधारलं. तिथे मला कळलं की हा बिघाड बाहेरून येणारा नाही, घरातलं कोणीतरी काहीतरी करतंय तेव्हा होतोय.

मग आम्ही पिंग लावलं, आणि हे तुम्ही सगळे घरी करू शकता म्हणून नीट सांगतो. विंडोजमध्ये काळी खिडकी उघडायची, कमांड प्रॉम्प्ट म्हणतात ती, एक नाही दोन उघडायच्या. पहिलीत पिंग लिहून आपल्या राउटरचा पत्ता आणि शेवटी जागा सोडून डॅश टी, म्हणजे ते थांबवेपर्यंत चालू राहतं. राउटरचा पत्ता बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, राउटरच्या खाली चिकटवलेल्या कागदावर लिहिलेला असतो. दुसऱ्या खिडकीत तसंच, पण पत्ता बाहेरचा, ८.८.८.८, तो गूगलचा आहे. लॅपटॉप असेल तर त्याचं वायफाय आधी बंद करा, नाहीतर वायर निसटली की तो गपचूप वायफायवर जातो आणि आपल्याला चुकीचं उत्तर मिळतं. पिंग करतं काय तर दर सेकंदाला एक हाक मारतं, ओ आली की किती मिलिसेकंदांत आली ते लिहितं. घरातल्या राउटरकडून ओ एका मिलिसेकंदाच्या आतबाहेर येते. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवून नुसतं बसायचं.

आता नेट गेलं की बघायचं की हाक कुठपर्यंत पोचतेय. पहिली खिडकी चालू आणि दुसरी थांबली, तर घरातली वायर चांगली आहे, गडबड राउटरच्या पुढे. दोन्ही एकदम थांबल्या तर गडबड कॉम्प्युटर आणि राउटरच्या मधे, किंवा राउटरच बंद पडून चालू होतोय. आणि खिडकीत काय शब्द येतात तेही वाचा. रिक्वेस्ट टाइम्ड आउट आलं तर हाक गेली पण ओ आली नाही. जनरल फेल्युअर आलं तर हाक घराबाहेर काय, कॉम्प्युटरबाहेरसुद्धा पडली नाही, म्हणजे बहुतेक वेळा कॉम्प्युटरला वायर लावलेली आहे हेच दिसत नाहीये. इतकी वर्षं या लायनीत आहे, तरी मला हा फरक सगळ्यात उपयोगाचा वाटतो आणि फुकट मिळतो.

आम्ही बसलो होतो, वीस मिनिटं काहीच नाही, ओळी पळतायत. बहीण धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन आली आणि हॉलचं बाल्कनीचं दार सताड उघडलं. दोन्ही खिडक्या थांबल्या. जनरल फेल्युअर, जनरल फेल्युअर, चार ओळी, मग पुन्हा चालू. मी म्हटलं ताई, दार लाव बरं. लावलं. पुन्हा उघड. पुन्हा गेलं. भाची उठून उभीच राहिली. राउटर हॉलमध्ये, तिचं टेबल आतल्या खोलीत, आणि वायर टाकणाऱ्याने भिंतीला भोक पाडायला नको म्हणून वायर दाराच्या चौकटीतून, बिजागरीच्या बाजूने बाल्कनीत काढून खिडकीतून आत घेतली होती. दार पूर्ण उघडलं की वायर चेपायची. बुधवारी पाऊस होता म्हणून कपडे आत वाळत घातले, दार उघडलंच नाही.

ती वायर मी आणलीये, ही बघा, इथे बोट फिरवा, चपटी लागते. वरचं आवरण कापून उघडलीये. आत आठ तारा आहेत, दोन दोन पिळलेल्या, म्हणजे चार जोड्या, केशरी, हिरवी, निळी, तपकिरी. तपकिरी जोडीतली एक तार साफ तुटलीये, आणि केशरीतली ही एक बघा, तांबं तुटलंय पण टोकं एकमेकांना टेकलेली, दार उघडताना क्षणभर सुटायची, मग परत टेकायची. आता महत्त्वाचं ऐका. १ गिगाबिटच्या जोडणीला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात, केशरी आणि हिरवी. तपकिरी तुटली तेव्हा नेट बंद पडलं नाही, कॉम्प्युटरचं नेटवर्क कार्ड आपोआप १००वर उतरलं आणि चालत राहिलं, कोणाला कळलंच नाही. म्हणजे वायर कित्येक दिवस सांगत होती. तुम्ही आज घरी जाऊन एवढं तरी बघा, विंडोजच्या सेटिंगमध्ये इथरनेट उघडलं की लिंक स्पीड दिसतो, कार्ड आणि राउटर दोन्ही गिगाबिटचे असून तिथे १०० दिसत असेल तर वायरीवर किंवा तिच्या टोकांवर संशय घ्या, नेट जायची वाट बघू नका. एकदा तुटलेली जोडणी परत जुळताना दोन्हीकडची यंत्रं स्पीड ठरवतात, त्यात काही सेकंद जातात, म्हणून दार क्षणभर हललं तरी नेट चार-पाच सेकंद जायचं.

वायरीबद्दल अजून थोडं. बाजारात स्वस्त वायर मिळते ती आतून ॲल्युमिनियम असते, वरून तांब्याचा पातळ थर, सीसीए लिहिलेलं असतं किंवा तेही नसतं. चाकूने तार खरवडा, आत पांढरी निघाली तर समजा. ती दोन-चारदा वाकवली की तुटते. घेताना शुद्ध तांब्याची कॅट सिक्स घ्या, घरापुरती आयुष्यभर जाते. टोकाला जो पारदर्शक कनेक्टर असतो त्याची खिट्टी मोडलेली असेल तर ती वायर वापरू नका, कागदाची घडी खुपसून चालवू नका, झाडू लागला तरी हलते. कोकणात, समुद्राजवळ, पिनांवर हिरवट थर चढतो, तिथे टोक कापून नवीन कनेक्टर क्रिंप करणं, म्हणजे दाबून बसवणं, हाच उपाय. आणि फ्यान, पंपाच्या लाइटच्या वायरी ज्या पाइपातून गेल्यात त्यातून लॅन ओढायची नाही, ओढायला सोपी जाते म्हणून लोक करतात, पण ते धोक्याचं आहे आणि नेटलाही वाईट.

आता समजा पहिली खिडकी चालू आहे, दुसरी थांबते. मग फायबरच्या डब्याकडे बघा. एलओएसचा लाल दिवा लागला तर प्रकाश पोचत नाहीये, हे कंपनीचंच काम. पण फोन करायच्या आधी कपाटामागे बघा, फायबर कुठे काटकोनात मुडपलीये का, फायबरच्या आत काच असते, तांब्यासारखी मुडपायची नसते, प्रकाश वळणावर गळतो. माणूस आला की त्याला प्रकाश मोजायचं पॉवर मीटर लावायला सांगा आणि आकडा लिहून घ्या. उणे २० च्या आसपास असेल तर निवांत राहा, उणे २७ म्हणजे डबा अगदी काठावर ऐकतोय, जरा ओढाताण झाली की जाणारच.

आणि दोन्ही खिडक्या थांबल्या, मिनिट-दोन मिनिटं थांबल्या, आणि मोबाइलचं वायफायही गेलं, तर राउटर रिस्टार्ट होतोय. त्याच्या सेटिंगच्या पानावर अपटाइम, म्हणजे सलग किती वेळ चालू आहे ते, लिहिलेला असतो, तुम्ही आठवडाभर हात लावला नाही आणि तिथे दोन तास दिसतात, तर सापडलं. बऱ्याचदा कारण ॲडाप्टर असतं, १२ व्होल्टचा छोटा ठोकळा, उन्हाळे खाऊन थकतो. किंवा सोसायटीचा पंप सुरू होताना व्होल्टेज दबतं. इन्व्हर्टर असेल तर मागे यूपीएस मोडचं बटण आहे का बघा, साध्या मोडमध्ये लाइट गेल्यावर पलटी मारायला त्याला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात राउटर पडतो. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो तो घेतलेला बरा.

तिकडून एक ताई विचारतायत की दोन्ही पिंग चालू आणि तरी साइट उघडत नाही तर. तर मग साइटच्या नावावरून तिचा पत्ता काढून देणारा डीएनएस बहुधा अडकलाय, राउटरमध्ये तो बदलून बघा, रस्ता ठीक आहे.

कंपनीला फोन कराल तेव्हा नेट नीट चालत नाही असं सांगू नका. सांगा की काल ९.४० आणि ५.१० ला गेलं, राउटरला पिंग चालू होतं, बाहेरचं थांबलं, लाल दिवा लागला नव्हता. पलीकडचा मुलगा लगेच वेगळ्या आवाजात बोलायला लागतो, कारण त्याला शोधायला काहीतरी मिळालेलं असतं.

बहिणीकडे मी दुपारीच ड्रिल आणून भिंतीला भोक पाडलं, १० मीटर नवी वायर टाकली. भाचीने पुढचा आठवडाभर कॅलेंडर लिहिलं, फक्त दुधाचं.

हा टेस्टर बघा, एक तुकडा इकडे, एक तिकडे, मधे तुमची वायर. १ ते ८ दिवे दोन्हीकडे क्रमाने लागले पाहिजेत. दिवे चालू असताना वायर बोटांनी टोकापासून टोकापर्यंत हलवत जायची, नुसती लावून बघितली तर आमच्या दारातल्या वायरीतली ती केशरी तारसुद्धा पास झाली असती. चला, पहिल्या रांगेतले काका, तुमची गुंडाळी द्या इकडे.