झांज पडल्यावर

कॅन्सस सिटी, १९३६. रीनो क्लबात रात्रीची जॅम, म्हणजे जॅझवाल्यांची आयत्या वेळची मैफल, रंगली आहे. ज्याच्यात धमक असेल त्यानं वाद्य घेऊन वर चढावं, एवढाच नियम. पंधरा-सोळा वर्षांचा चार्ली पार्कर आल्टो सॅक्सोफोन घेऊन चढतो. थोडा वेळ निभावतं, मग पोरगा वाट चुकतो. ड्रमवरचा जो जोन्स झांज काढून त्याच्या पायाशी फेकतो. खण्ण! आणि हशा.

सांगणारा बदलला की ही झांज जरा जास्त लांब उडते. ते सोडा. पोराला येत काय नव्हतं?

आपल्याकडे राग ठरला की स्वर ठरले. जॅझमध्ये बार-दोन बारांत (बार म्हणजे तालाचा छोटा, ठरावीक तुकडा) कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गट, बदलते, आणि आत्ता गोड लागलेला स्वर लगेच खुपायला लागतो. गाणं बहुधा ३२ बारांचं. संपलं की आवर्तनासारखं पुन्हा पहिल्यापासून. आपण कुठे आहोत हे बोटं न मोजता कळलं पाहिजे.

१९३७च्या उन्हाळ्यात पार्कर ओझार्कच्या डोंगरांत एका बँडबरोबर कामाला जातो. सोबत सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगच्या तबकड्या. त्यातल्या ‘लेडी बी गुड’मध्ये लेस्टर सलग ६४ बार वाजवतो. पार्कर ते स्वरन् स्वर उतरवून घेतो. कॉर्ड समजून घ्यायला बँडमधले पियानो आणि गिटारवाले आहेतच. पोपटपंची? हो, सरळसरळ. पण लेस्टर श्वास कुठे घेतो, हे त्याशिवाय कळणार कसं?

पार्करनं पुढे एका मुलाखतीत सांगितलं : तीन-चार वर्षं, रोज ११ ते १५ तास रियाज. शेजारी इतके वैतागले, की तुम्हाला घर सोडायला लावू, असं त्याच्या आईला बजावून गेले.

२६ नोव्हेंबर १९४५, न्यूयॉर्क. पार्करच्या ‘को-को’ या रचनेचं ध्वनिमुद्रण. खाली कॉर्ड ‘चेरोकी’ या लोकप्रिय गाण्याच्या, वर मात्र त्या गाण्याची चाल नाही. चाल वाजवली तर मूळ संगीतकाराला पैसे द्यावे लागतात. कॉर्डवर कुणाची मालकी नसते.

पहिला टेक ऐका. सवयीनं मंडळी ‘चेरोकी’चीच चाल धरतात. कुणीतरी शिट्टी मारतं, टाळ्या वाजवतं. थांबा, थांबा!

आता दुसरा टेक.