चूक चौपट करून बघायची

पत्रकावर विषय छापलाय, ‘टेबल सॉसाठी घरी बनवलेलं सरकतं टेबल’. टेबल सॉ म्हणजे टेबलातून गोल पातं वर आलेली करवत. ते सांगणारच आहे मी. पण आधी एका शब्दाशी माझं भांडण आहे, तेवढं मिटवू द्या. तो शब्द म्हणजे ‘जुगाड’. घरी काही बनवलं की बघणारा कौतुकानंच म्हणतो, "वा, काय जुगाड केलंय!" मला तो शब्द टोचतो. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं. जे टेबल मीटरभर सरकतं आणि तेवढ्यात मिलिमीटरचा दहावा हिस्साही तिरकं जात नाही, त्याला जुगाड कसं म्हणायचं? आणि इतकी अचूकता घरी येते कुठून, घरात तर बारीक माप घेणारा एक साधा व्हर्नियर आणि काटकोन बघायचा एक गुण्या असतो? हाच प्रश्न मला दहा वर्षं पुरलाय.

त्याची सुरुवात एका कपाटापासून झाली. नवाकोरा गुण्या आणला होता. त्यावरून मायटर गेज, म्हणजे लाकूड कोनात धरून पात्याकडे नेणारा सरकता आधार, लावला आणि १८ मि.मी. प्लायच्या बाजू, तळ, माथा, फळ्या, सगळं कापलं. कपाट जोडलं आणि कर्ण मोजले, तर चार मिलिमीटरचा फरक! ड्रॉवर अर्ध्यात अडकायचे. गुण्यावर शंका घ्यायचं मनातही आलं नाही. गुण्या नवा होता ना! दोष गेला मायटर गेजच्या माथी. त्याची पट्टी खाचेत थोडी हलायची, मग काय, गुन्हेगार सापडलाच.

गेजवरचा विश्वास उडाला, म्हणून पुढच्या फळ्या मी फेन्सला, म्हणजे पात्याला समांतर असलेल्या आधारपट्टीला, टेकवून आडव्या कापायला लागले. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांना पुढे काय झालं ते कळलंय, चेहऱ्यांवर दिसतंय मला. फळी २०० मि.मी. रुंद, फेन्सला टेकलेली कड तेवढीच, आणि फेन्सपासून पातं ४५० मि.मी. वर. एवढ्याशा आधारावर एवढी लांब फळी सरळ राहणार कशी? काप संपताना ती केसभर फिरली आणि तिचा कोपरा पात्याच्या मागच्या दात्यांवर गेला. पुढचे दाते लाकूड टेबलावर दाबतात, मागचे दाते वर येतात. त्यांनी फळी उचलली आणि माझ्याकडे फेकली. २५४ मि.मी. चं पातं मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दात्याचा वेग सेकंदाला ५३ मीटर होतो, म्हणजे ताशी १९० किलोमीटर. फळी मांडीवर बसली. तीन आठवडे मी नीट जिना चढले नाही. पोटात बसली असती तर काय, याचा विचार मी अजून करते, आणि म्हणून कुठेही बोलायला गेले की हे सांगते. आडव्या कापाला फेन्सचा आधार घ्यायचा नाही. माप धरायला फेन्स हवाच असेल तर त्याला एक ठोकळा लावा, आणि तो पात्याच्या बराच अलीकडे संपवा, म्हणजे काप चालू असताना फळी फेन्सला लागलेलीच नसेल.

बसून राहायची वेळ आली तेव्हा तो गुण्या हातात घेतला. प्लायच्या सरळ कडेला टेकवून सुरीने रेघ मारली. गुण्या उलटा केला, त्याच ठिकाणाहून दुसरी रेघ मारली. २०० मि.मी. वर दोन रेघा एक मिलिमीटर फाकल्या! उलटवल्यावर चूक दुप्पट दिसते, म्हणजे गुण्या अर्धा मिलिमीटर बाहेर. ५६० मि.मी. खोल कपाटाला तीच चूक जवळजवळ दीड मिलिमीटर होते. बिचारा मायटर गेज!

त्या दोन रेघांनी मला जे शिकवलं तेच आज सांगायचं आहे. अचूक वस्तू बनवायला आधीपासून अचूक अवजार लागतं, असं आपण धरून चालतो. लागते ती चूक मोठी करून दाखवणारी रीत. पट्टी सरळ आहे का, हे असंच उलटवून कळतं. सपाटीचं तर याहून सुंदर आहे. जोसेफ व्हिटवर्थने १८४० मध्ये मांडलेली रीत बघा. दोन पत्रे एकमेकांवर घासून तंतोतंत बसले तरी एक फुगीर आणि दुसरा खोलगट असू शकतो. पण तीन पत्रे घ्या, आलटूनपालटून प्रत्येक जोडी जुळवा, पत्रे काटकोनात फिरवूनही जुळवा, उंचवटे खरवडत राहा. तिन्ही जोड्या अशा दोन्ही प्रकारे जुळल्या की तिन्ही पत्रे सपाट असलेच पाहिजेत, फसवायला जागाच उरत नाही. शून्यातून सपाटी! यावर मी तासभर बोलू शकते. पण... हो, चिठ्ठी मिळाली. दहा मिनिटं? बरं, टेबलाकडे येते.

सरकतं टेबल ही कल्पना जुनी आहे, १९०६ मध्ये बर्लिनच्या विल्हेल्म आल्टेनडॉर्फ यांची. लाकूड टेबलावर पक्कं धरायचं आणि लाकडासकट टेबलच पात्याजवळून न्यायचं. लाकूड कशावरही घासत नाही, म्हणून फिरत नाही. क्रॉसकट स्लेड, म्हणजे लाकूड ठेवून पात्यावरून ढकलायची पाटी, मलाही आवडते, पण ती वापरताना पात्यावरचं संरक्षण काढावं लागतं. हे टेबल पात्याच्या डाव्या बाजूला असतं, त्यामुळे रायव्हिंग नाइफ (पात्यामागची, काप मिटू न देणारी पट्टी) आणि झाकण दोन्ही जागेवर राहतात.

रूळ २० मि.मी. जाडीचे, खालून आधार असलेले गोल, त्यावर सरकणारे, खालून उघडे बेअरिंग ब्लॉक. लांबी ठरवताना फसू नका. १२०० मि.मी. कापायचं आणि ब्लॉकचा पसारा ४०० मि.मी. असेल, तर रूळ १६०० हून थोडा जास्त हवा. खालची चौकट लोखंडी करा आणि तिला स्वतःचे पाय द्या. पूर्ण प्लाय तीस किलोच्या आसपास भरतो, तो एका बाजूला आला की हलकं यंत्र कलंडतं.

आता महत्त्वाचं. रूळ टेबलाच्या कडेला समांतर लावू नका, पात्याला लावा. एका दात्यावर खूण करा. सरकत्या टेबलावर डायल गेज, म्हणजे केसभर फरकही काट्यावर दाखवणारं मापक, बसवा, पुढे आलेल्या त्या दात्याला टेकवा, मग तोच दाता हाताने फिरवून मागे न्या, टेबलही मागे न्या, परत वाचा. यंत्राचा प्लग काढलेला, हे सांगायला नको. दाता तोच ठेवल्यामुळे पात्याचा वाकडेपणा मापात शिरत नाही. पुढेमागे ०.०५ मि.मी. च्या आत आलं की पहिला रूळ घट्ट करा. दुसरा आत्ता ढिलाच ठेवा. टेबल एका टोकाला नेऊन तिथले बोल्ट आवळा, मग दुसऱ्या टोकाला नेऊन तिथले. दिशा पहिल्या रुळाने द्यायची, दुसऱ्याने फक्त वजन उचलायचं. दोघेही दिशा द्यायला लागले की टेबल अडकतं. उंची मूळ टेबलापेक्षा ०.२ मि.मी. वर ठेवा, नाहीतर प्लाय खाली घासेल.

शेवटी आडवी फेन्स, म्हणजे सरकत्या टेबलावर लाकूड टेकवायची पट्टी, आणि ती लावताना गुण्या बाजूला ठेवा. साधारण चौरस प्लाय घ्या. एक बाजू कापा, कापलेली कड फेन्सला लावा, पुढची कापा, अशा चारही. पाचव्यांदा पहिली बाजू पुन्हा कापा आणि निघालेली पट्टी दोन्ही टोकांना मोजा. समजा पट्टी ४०० मि.मी. लांब आहे, एका टोकाला २०.६ आणि दुसऱ्याला २०.२. फरक ०.४, भागिले चार, म्हणजे ४०० मि.मी. वर ०.१ ची चूक. जी चूक तुमच्या व्हर्नियरला धड सापडली नसती ती चौपट होऊन हातात आली. फेन्स सरकवायचा स्क्रू, ती जिच्याभोवती फिरते त्या खिळीपासून १२०० मि.मी. वर असेल तर तिथे ०.३ सरकवायचं. फीलर गेज म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पानांचा जुडगा, त्याचं ०.३० चं पान मधे धरा, स्क्रू आवळा, परत पाच काप घ्या. दिशा चुकली असेल तर फरक दुप्पट होईल, घाबरू नका, उलट फिरवा.

ती पट्टी फेकू नका. तिच्यावर तारीख आणि फरक लिहून भिंतीला टांगा. लाकडी फेन्स हवेतल्या ओलाव्याने हलते. सहा महिन्यांनी नवी पट्टी कापून जुनीशेजारी टांगा. माझ्याकडे अशा अकरा पट्ट्या आहेत, पिशवीतून आणल्यात, मागच्या रांगेपर्यंत फिरवा.