शाल राहू द्या, आधी नाव बघा

नमस्कार. बसा बसा, मागं उभे आहेत त्यांनी पुढं या, पहिल्या रांगेत खुर्च्या रिकाम्या आहेत, त्या साहेबांसाठी ठेवल्यात म्हणून कुणी बसेना, पण साहेब येत नाहीयेत, मगाशीच फोन आलाय त्यांचा. तेव्हा बिनधास्त बसा.

बॅनरवर विषय लिहिलाय, ‘सैनिक कल्याण विभाग : काल, आज आणि उद्या’. हा विषय अध्यक्षांनी दिला बरं का, मी नाही. मला पाऊण तास दिलाय आणि त्यातली दहा मिनिटं माझा परिचय करून देण्यात गेली. काल पटकन उरकतो, आजवर जरा बोलू, आणि उद्यासाठी माझं एकच मागणं आहे ते शेवटी सांगतो, तोवर कुणी उठू नका.

तर काल. पहिलं महायुद्ध संपलं, पलटणी कमी केल्या, माणसं गावी परत आली. कुणाचा हात गेलेला, कुणाचा पाय, आणि कितीतरी आलीच नाहीत. आपल्या सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे सगळ्यांना माहितीये, एका गावातली ४६ माणसं त्या लढाईत गेली, गावाच्या नावालाच मिलिटरी चिकटलं. या लोकांच्या घरादाराचं बघणार कोण, म्हणून १९१९ साली इंग्रज सरकारनं इंडियन सोल्जर्स बोर्ड काढलं. आपली म्हातारी माणसं अजून जिल्ह्याच्या ऑफिसला ‘सोल्जर बोर्ड’च म्हणतात, पाटी कितीदा का बदलेना. आता दिल्लीत केंद्रीय सैनिक बोर्ड आहे, २००४ पासून संरक्षण मंत्रालयात माजी सैनिकांचा वेगळा विभाग आहे, राज्याचा सैनिक कल्याण विभाग पुण्याला, आणि जिल्ह्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. तिथं अधिकारी असतात आणि त्यांच्या हाताखाली कल्याण संघटक. हे कल्याण संघटक म्हणजे आपल्यातलेच, फौजेतून आलेले. हा शब्द लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. झाला काल.

आता आज. सन्मान करण्यात आपण एक नंबर आहोत, यात वादच नाही. ७ डिसेंबरला ध्वजदिन, १९४९ पासून चाललाय. शर्टाला छोटा झेंडा लावायचा आणि डब्यात पैसे टाकायचे, हेतू फार चांगला, त्या पैशातूनच पुढं आपल्या लोकांना मदत मिळते. पण प्रत्येक ऑफिसला उद्दिष्ट ठरवून दिलेलं असतं, त्यामुळं नोव्हेंबर लागला की मास्तर लोक मला बघून रस्ता बदलतात. (हशा) आणि पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमात सत्कार कुणाचा, तर ज्यांनी उद्दिष्टाच्या वर निधी जमवला त्यांचा. करावा, जरूर करावा, पण एकदा एका कार्यक्रमात निधी जमवणाऱ्यांचे सत्कार इतके चालले की ज्यांच्यासाठी जमवला ती म्हातारी माणसं जेवायची वेळ झाली म्हणून उठून गेली.

मग १४ जानेवारी, माजी सैनिक दिन. फिल्ड मार्शल करिअप्पा १४ जानेवारी १९५३ ला रिटायर झाले म्हणून हा दिवस. आता दिल्लीवाल्यांना कोण सांगणार की त्या दिवशी आमच्याकडं संक्रांत असते. बायका वाणाच्या गडबडीत, आणि आम्ही रिटायर्ड लोक कोट घालून, मेडल लावून, तिळगुळाच्या वड्या खिशात घेऊन स्टेजवर. संक्रांतीवरून आठवलं, जरा विषयांतर होतंय पण बोलतोच. २६ जानेवारीला आपण वीरपत्नीला स्टेजवर बोलावतो, साडी देतो, सगळे उभं राहून टाळ्या वाजवतात. आणि त्याच महिन्यात गल्लीत हळदीकुंकू असतं तिथं तिला बोलावत नाहीत. हे सरकार करत नाही हो, हे आपण करतो. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की विधवा प्रथा बंद, मग सरकारनंही परिपत्रक काढलं की सगळ्या गावांनी असं करावं. सैनिक टाकळी त्याच तालुक्यात, घरोघरी फौजी. आपल्या गावांनी ठराव केला का, मला माहितीये, तुम्हालाही माहितीये, पुढं जाऊ.

तर मुद्दा असा की सन्मानाला तोटा नाही. शाली तर इतक्या झाल्यात की घरात पाहुणा आला की मंडळी त्याला पांघरायला शालच देतात. घोडं अडतं ते कागदावर, आणि कागदात कुठं, तर बायकोच्या नावावर. हसू नका. फौजी असतो तोवर सगळं ठीक चालतं, पेन्शन येते, कँटीन चालू असतं. तो गेला की त्याच्या मागं जी उरते तिचं नाव फौजेच्या रेकॉर्डला काय आहे, यावर सगळं ठरतं.

आता एक गोष्ट सांगतो. काही लोकांनी ही ऐकलीये, त्यांनी पुन्हा ऐका. माझ्याच पलटणीतला एक हवालदार, शेजारच्या गावचा. त्याच्या मंडळींचं खरं नाव सांगत नाही, समजा माहेरचं नाव हौसाबाई. लग्नात आपल्याकडं काय करतात, ताटात तांदूळ पसरायचे, अंगठीनं नवीन नाव काढायचं, सगळे वा वा म्हणतात, पेढे खातात. तांदळात नाव निघालं सुनंदा. त्या ताटातले तांदूळ संध्याकाळी डब्यात गेले, नाव रेकॉर्ड ऑफिसला गेलंच नाही. पठ्ठ्या सुट्टी संपवून युनिटला गेला, क्लार्कनं फॉर्म काढला, लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या दप्तरी नोंद, करायची होती. क्लार्क हिंदीवाला, विचारतो, बीवी का नाम? आता तेव्हाचा आपला माणूस, लग्नाला पंधरा दिवस झालेले, चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं म्हणजे कान लाल. घरी सगळे तिला हौसा म्हणत होते, तो हळूच म्हणाला, हौसाबाई. झालं, छापलं. ते छापलेलं नाव त्याच्याबरोबर सियाचीनला जाऊन आलं, रिटायर झाला तेव्हा डिस्चार्ज बुकात आलं, पीपीओवर म्हणजे पेन्शनच्या आदेशावर आलं. पीपीओ कोण वाचतं हो? पेन्शन किती तेवढा आकडा बघायचा आणि लॅमिनेशन करून ट्रंकेत.

इकडं गावात ती सुनंदा. रेशनकार्ड सुनंदा, आधार सुनंदा, बँकेत सुनंदाबाई, मतदार यादीत सुनंदा पण नवऱ्याच्या नावाची वेलांटी चुकलेली. हवालदार गेला. दहावा-तेरावा झाला, आणि ती मुलाला घेऊन फॅमिली पेन्शनसाठी एका ऑफिसात गेली. कुठल्या ते सांगत नाही, तो साहेब अजून तिथंच आहे. मी होतो बरोबर. साहेबानं कागद बघितला आणि विचारलं, हौसाबाई कुठं आहेत?

ती म्हणाली, मीच.

मग सुनंदा कोण?

तीबी मीच.

साहेबानं चष्मा काढला. मग म्हणतो कसा, पहिल्या पत्नी हौसाबाई हयात असतील तर त्यांचं संमतीपत्र लागेल. म्हणजे त्यानं आमच्या मेलेल्या हवालदाराला दोन लग्नं लावून दिली! (हशा) मी तापलो, पण बाई शांत. ती म्हणाली, साहेब, दोघींतल्या जिला द्यायची तिला द्या, आम्ही दोघी जेवायला एकाच ताटात बसतो.

हसताय, पण पुढचं ऐका. त्यानंतर पळापळ सुरू झाली. माहेरच्या शाळेचा दाखला, तर ती दुसरीतून शाळा सोडलेली, रजिस्टर सापडेना. लग्न नोंदलेलं नाही. ग्रामपंचायतीचा दाखला, स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र की या दोन्ही नावांची बाई एकच, राजपत्रात नाव छापा, आणि प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या ठिकाणचा कागद आधी आणा. घरात पैसा नाही, सण येताहेत जाताहेत. आणि या सगळ्यात ध्वजदिनाचं आमंत्रण आलं, जाड कागदाची पत्रिका, सोनेरी अक्षरं, सत्कारमूर्तींच्या यादीत छापलंय, ‘श्रीमती सुनंदा’, पुढं नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं बिनचूक. वेलांटीसुद्धा बरोबर! सत्कार करणाऱ्यांना ती कोण ते पक्कं माहिती, फाइलीला माहिती नाही. ती पत्रिका घेऊन माझ्याकडं आली आणि म्हणाली, भाऊजी, ही जोडायची का पुराव्याला? मी काय बोलणार.

शेवटी काम कुणी केलं, तर एका कल्याण संघटकानं. नाव घेतलेलं त्याला आवडणार नाही. रिटायर्ड नाईक होता. तो दौऱ्यावर तालुक्याला आला तेव्हा त्यानं भाषण केलं नाही, खुर्ची घेऊन बसला आणि म्हणाला, ट्रंक आणा. अख्खी ट्रंक उपसली. तळाशी एक आंतर्देशीय पत्र सापडलं, हवालदारानं लिहिलेलं, वर पत्ता सौ. सुनंदा आणि आत मायना, ‘प्रिय हौसा’. पत्र काही कायद्याचा पुरावा नाही, पण त्यानं ओळखलं की भानगड कुठं झाली, युनिटची जुनी कागदपत्रं कोणती मागायची ते ठरवलं, जोडपत्रं क्रमानं लावली आणि जिल्हा कार्यालयाच्या पत्रासोबत रेकॉर्ड ऑफिसला पाठवली. मग पेन्शन सुरू झाली, मागची थकबाकीही मिळाली. तिनं त्याला एक शेर हुलगे दिले, घेत नव्हता, घ्यायला लावले.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. किती, दहा मिनिटं? बरं. मग योजना भराभर सांगतो, ज्याला लागतील त्यानं लिहून घ्या.

पेन्शन बसायला जवानाला १५ वर्षं सर्व्हिस लागते. त्याच्या आत घरी आलेले, वय ६५ च्या वर, हवालदार आणि त्याखालच्या रँकचे, त्यांना किंवा त्यांच्या पत्नीला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून महिन्याला मदत मिळते, ४००० होती, २०२५ च्या नोव्हेंबरपासून ८००० केलीये. अर्ज जिल्हा कार्यालयातूनच जातो. मुलांच्या शिक्षणाला, मुलीच्या लग्नाला पण त्याच ध्वजदिनाच्या फंडातून आहे. पंतप्रधान शिष्यवृत्ती वेगळी, प्रोफेशनल कोर्सला, मुलीला महिना ३००० आणि मुलाला २५००. राज्याच्या क आणि ड वर्गाच्या भरतीत १५ टक्के समांतर आरक्षण आहे, पोरं चाळिशीच्या आत रिटायर होतात, नुसतं सिक्युरिटी गार्डची नोकरी धरून बसू नका, परीक्षा द्या. पण सिक्युरिटीतच जायचं तर मेस्को म्हणजे आपलं माजी सैनिकांचं महामंडळ आहे, तिथं नाव नोंदवा, खाजगी ठेकेदाराच्या नादी लागू नका. मुलाला ऑफिसर व्हायचं असेल तर नाशिक रोडला एसएसबीची, म्हणजे ऑफिसर निवडायच्या मुलाखतीची, तयारी मोफत करून घेतात, राहणं-खाणं सगळं. घरपट्टी माफीची योजना २०२० पासून आहे, बाळासाहेब ठाकरे यांच्या नावानं, ग्रामसेवक माहिती नाही म्हणाला तर जीआर दाखवा. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची दवाखान्याची योजना, २००३ पासून आहे, पण कार्ड ‘काढू काढू’ म्हणत अटॅक येईपर्यंत थांबणारे महाभाग इथंच बसलेत, मी नावं घेत नाही. आणि स्पर्श, फौजेच्या पेन्शनचं ऑनलाइन पोर्टल. पूर्वी पेन्शन बँक बघायची, आता सगळं स्पर्शवर. हयातीचा दाखला वर्षाच्या वर्षी द्यायचा, नाही दिला तर पेन्शन थांबते. लॉगिन नातवाला माहिती असून चालणार नाही, आजोबांना माहिती पाहिजे आणि आजीला त्याहून जास्त.

आता यातली एक तरी योजना अशी आहे का जिथं नाव जुळावं लागत नाही? आणि म्हणून माझं मागणं. सैनिक कल्याण विभागानं ध्वजदिनाला आणि १४ जानेवारीला कार्यक्रम करावा, शाल द्यावी, पण स्टेजच्या बाजूला एक टेबल मांडावं. लॅपटॉप, प्रिंटर आणि कल्याण संघटक. येणाऱ्या प्रत्येक जोडप्याचं डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवून बघायचं. नवरा हयात असताना नाव दुरुस्त करणं म्हणजे अर्ज आणि एक-दोन चकरा, तो स्वतः सही करून सांगतो की हीच माझी बायको. तो गेल्यावर तेच काम तिच्या एकटीच्या डोक्यावर पडतं. जिल्ह्यात माजी सैनिक हजारोंनी आणि कल्याण संघटक मोजके, हे मला कळतं. दौरा सगळ्या गावांना पोचत नाही. पण माणसं त्या दोन दिवशी आपणहून एका हॉलात जमतात की, तेव्हाच उरकून घ्या ना! मी हे लेखी दिलंय, पोच घेतलीये, उत्तर ‘कार्यवाहीस्तव पुढे’ आलंय. कुणाच्या पुढे ते अजून कळलेलं नाही.

उद्याचा भाग यातच आला असं समजा, अग्निवीरांवर बोलायचं होतं, ती पोरं चार वर्षांनी येतील तेव्हा या ऑफिसांच्या दारात कुठल्या हक्कानं उभी राहणार, तो विषय एका भाषणाचा आहे, आज नाही जमणार.

प्रश्न? हां, बोला काका. कँटीनचा कोटा का कमी केला? काका, मी कागदावर बोललो, तुम्ही बाटलीवर गेलात. ते माझ्या हातात नाही, असतं तर मी आधी माझा वाढवला असता. बाकी कुणाला? वहिनींनो, तुम्ही विचारा, यांना माहिती नसतं. नाही? मग असं करा, ज्यांनी डिस्चार्ज बुक आणलंय ते खाली टेबलापाशी या, बायकोला बरोबर घेऊन या, आणि आधारची झेरॉक्स नसेल तर आधी ती काढून आणा, समोरचा झेरॉक्सवाला साडेआठला शटर ओढतो.