एक मूठ मागं ठेवा

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय 'आहार, व्यायाम आणि मनाचा ताण'. तिन्ही घेतो. पण आधी एका मुठीची गोष्ट सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यातच आहे.

नऊ वर्षांपूर्वी माझी उपाशीपोटीची साखर १६८ निघाली. शहरातल्या एका दवाखान्यात गोळी सुरू झाली आणि हातात एक छापील कागद मिळाला. सगळा इंग्रजीत. सकाळी ओट्स, दुपारी ब्राऊन ब्रेड, रात्री ब्रोकोलीचं सूप. माझं घर इथं बेळगावच्या वडगावात. परसात अळू, दारात शेवगा, माजघरात तांदळाची पोती. यातलं एकही नाव त्या कागदावर नव्हतं. तुम्ही घरी काय जेवता, असं मला कुणी विचारलंच नाही. याचा राग अजून गेलेला नाही. माणसाच्या ताटाकडे न बघता त्याला जेवायला कसं शिकवणार? तुमच्यापैकी कुणाकुणाच्या घरी असा कागद आहे? हात वर करा बघू. बघा, अर्धी सभा!

मी पाडव्याला सगळं एकदम सुरू केलं. भात बंद, चहा बंद, पहाटे पाचला व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पळायला. अकरा दिवस चाललं. गुडघा सुजला, घरात चिडचिड वाढली. बाराव्या दिवशी खानापूरला लग्न होतं. तिथं आमटी-भात तीनदा घेतला, वर मांडा आणि दूध. नंतर दीड वर्ष तो कागद उघडला नाही. 'आपल्याच्यानं होत नाही' हे एकदा मनात बसलं की लवकर उठत नाही. माझं नुकसान झालं ते त्या लग्नातल्या भातानं नव्हे, या वाक्यानं.

मग आईनं सूत्रं हाती घेतली. ती तेव्हा ७८ वर्षांची. तांदूळ चिपट्यानं मोजायची. पितळेचं जुनं चिपटं, एका बाजूला काठ चेपलेला. एका सकाळी बघतो तर तिनं चिपटं सुपात ओतलं आणि त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकली.

"काय करूलालीस आई?"

"ही तुझी मूठ. मागं ठेवूया."

बस्स, एवढंच. महिनाभर घरात कुणाला कळलंसुद्धा नाही. त्या मुठीची जागा मसुरानं घेतली, आमटी घट्ट झाली. आता येळ्ळूर-वडगावच्या लोकांना मसूर काय सांगायचा! भात कापलं की त्याच रानात, उरलेल्या ओलीवर मसूर येतो. त्यात प्रथिनं आहेत, चोथा आहे, त्यामुळं जेवणानंतर साखर एकदम चढत नाही. पुढच्या महिन्यात दुसरी मूठ गेली आणि ताटात नाचणीची अर्धी भाकरी आली. सहा महिन्यांत माझा भात निम्मा झाला, आणि पोट कधी रिकामं वाटलं नाही. मागं ठेवलेल्या तांदळाची आईनं गणपतीला पिठी केली, मोदक झाले. मीही एक खाल्ला. कुंदा आणि मोदक कायमचे सोडा असं मी कुणाला सांगणार नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. शेवटच्या बसवाल्यांनी काळजी करू नये, आटोपतो.

व्यायाम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. आकडा ऐकून घाबरू नका. रात्री जेवल्यावर गल्लीच्या टोकापर्यंत दहा मिनिटं जाऊन या. चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर वापरतात. महिन्यानं पाच मिनिटं वाढवा. अमेरिकेत २००२ साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना दोन उद्दिष्टं दिली होती, वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल करायची. त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. नुसती मेटफॉर्मिन, म्हणजे साखरेची गोळी, घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी.

किती दिवस लागतात सवय व्हायला? लंडनमध्ये ९६ जणांवर अभ्यास झाला. सरासरी ६६ दिवस निघाले, पण कुणाला १८ लागले, कुणाला हिशेबानं २५४. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही. माझा बारावा दिवस आठवा! तेराव्या दिवशी पुन्हा चालायला जायला हवं होतं, एवढंच.

ताण. याला खरं तर वेगळं व्याख्यान हवं. आपली मुलं पुण्याला, आपण इथं. १९५६ पासून सीमाभागातली घरं महाराष्ट्रात जायची वाट बघतायत, आता तिसरी पिढी. हा भार श्वासाच्या व्यायामानं उतरतो असं मी म्हणणार नाही. पण रात्री नऊनंतर बातम्या बंद करून अंथरुणावर पाच मिनिटं सावकाश श्वास सोडत बसलो, तेव्हापासून माझी झोप सुधारली. झोप कमी पडली की भूक वाढते, म्हणून हेही आहाराचंच काम समजा.

आणि महत्त्वाचं, इन्सुलिन किंवा साखरेची गोळी चालू असेल तर भात कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा. साखर फार खाली गेली तर जिवावर बेतू शकतं. दर तीन महिन्यांनी सरासरी साखर तपासा.

आईचं चिपटं आणलंय, टेबलावर आहे, हातात घेऊन बघा. बाहेर चहा तयार आहे. साखर वेगळ्या वाटीत ठेवायला सांगितलीय. रोज दोन चमचे घेत असाल तर आज दीड घ्या.